रडे तान्ह्याचे, प्रश्न शहराचा

वाकडविषयी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे काही छापून आले, त्यातले बहुतेक रस्ते, पाण्याचे टँकर, चौरस फुटाचा भाव आणि भूमकर चौकातली कोंडी याविषयीचे आहे. ते चूक नाही. १९९७ मध्ये आसपासच्या अन्य गावांबरोबर वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले, पलीकडे हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि म्हातोबाच्या देवळाभोवतीचे हे गाव एका पिढीच्या अवधीत बारा-पंधरा मजली इमारतींचे उपनगर झाले. इथे राहायला आलेली माणसे प्रामुख्याने पंचविशी-तिशीतली. कोणी लातूरचे, कोणी जळगावचे, कोणी थेट पाटण्याचे वा कोईमतूरचे. अशा वस्तीत तान्ही मुले भरपूर असणार हे सांगायला जनगणनेची गरज नाही. संध्याकाळी सातनंतर इथल्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात डोकावले तरी पुरे.

या दवाखान्यांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. पहिला, ‘डॉक्टर, हा एवढा का रडतो?’ आणि दुसरा, जो बहुधा उठता उठता, दाराशी थांबून विचारला जातो, ‘पुढे काही होणार नाही ना?’ पहिल्या प्रश्नाला आजीपासून औषधविक्रेत्यापर्यंत प्रत्येकाजवळ उत्तर आहे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र एक तर ‘काही होत नाही हो’ अशी बोळवण मिळते, नाही तर कुठून तरी वाचलेली, ऐकलेली धास्ती. वस्तुतः या दुसऱ्या प्रश्नावर गेल्या सत्तर वर्षांत जगात बरेच काम झालेले आहे आणि त्यातून निघणारे उत्तर आई-बापांपुरते मर्यादित राहत नाही. ते कारखाने, कंपन्या, महापालिका आणि सरकार यांच्या दारापर्यंत जाते. म्हणून हा विषय केवळ महिलांच्या पानावरचा मानू नये, अशी माझी वाचकांना विनंती आहे.

किती रडणे म्हणजे अति?

तान्हे मूल रडते, आणि निरोगी मूल पुष्कळ रडते, हे आधी मान्य करायला हवे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये एक सोपी व्याख्या दिली: अन्यथा धडधाकट असलेले बाळ दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर ते अति रडणे समजावे. हा ‘तीनाचा नियम’ आजही डॉक्टरांच्या तोंडी आहे. पुढे १९६२ मध्ये टी. बेरी ब्रेझेल्टन यांनी ऐंशी बाळांच्या आयांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या. त्यात दिसले ते असे की रडणे जन्मानंतर वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठते आणि मग उतरू लागते. त्या शिखरावर मध्यम प्रतीचे रडणेही दिवसाला पावणेतीन तासांच्या घरात होते. अगदी अलीकडे, २०१७ मध्ये, डीटर वोल्के आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतल्या सुमारे ८,७०० बाळांच्या नोंदी एकत्र केल्या. पहिल्या सहा आठवड्यांत सरासरी दोन तास, आणि दहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान ६८ मिनिटे, असा हिशेब निघाला.

याचा अर्थ काय? एक तर सहाव्या आठवड्यात रडणे वाढले म्हणून आईचे दूध कमी पडते, असा निष्कर्ष काढायचे कारण नाही. आपल्याकडे नेमका हाच निष्कर्ष काढला जातो. सासूबाई म्हणतात, ‘पोट भरत नाही त्याचं’, आणि दुसऱ्या दिवशी डबा घरात येतो. बाळाचे वजन वाढत असेल, दिवसात सहा-आठ वेळा लंगोट ओला होत असेल, तर दूध पुरते आहे. दुसरे म्हणजे, अति रडणाऱ्या बाळांपैकी ज्यांच्या रडण्यामागे खरोखर एखादा आजार सापडतो अशी बाळे शंभरात पाचच्या आसपासच असतात. ताप, हिरवट उलटी, शौचातून रक्त, दूध सोडणे, वजन न वाढणे, टाळू फुगलेली दिसणे, किंवा रडून रडून बाळ सुस्त पडणे, यांपैकी काही दिसले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठावे. एरवी मात्र हे रडणे वाढीचाच एक टप्पा आहे, आणि तो बहुतेकदा तिसरा महिना सरताना आपोआप सरतो.

आपल्या जुन्या रिवाजात या टप्प्याचा अंदाज होता असे मला वाटते. बाळंतिणीचा सव्वा महिना सांभाळायचा आणि पहिल्या खेपेला तिने तिसऱ्या महिन्यापर्यंत माहेरी राहायचे, ही अनेक घरांतली पद्धत होती. सव्वा महिना म्हणजे जवळजवळ सहावा आठवडा. तिसरा महिना म्हणजे रडे ओसरण्याची वेळ. सासरी बाळ येई ते जरा शहाणे होऊन. या रिवाजात शिवाशिव होती, सुनेवरचे निर्बंध होते, कोंदट खोल्या आणि धुरी होती, त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण रडण्याच्या सर्वांत कठीण आठवड्यांत बाळाला उचलायला दोन नव्हे, सहा-आठ हात असत, ही त्यातली जमेची बाजू होती.

पुढे काय होते?

आता दाराशी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे येऊ. इथे एक फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण सगळा घोळ तो न केल्यामुळे होतो. पहिल्या तीन महिन्यांतले अति रडणे ही एक गोष्ट आहे, आणि तीन महिन्यांनंतरही न थांबणारे रडणे ही दुसरी.

पहिल्याविषयी उत्तर बरेचसे दिलासा देणारे आहे. राव आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३२७ मुलांचा पाच वर्षांच्या वयापर्यंत पाठपुरावा केला होता. ज्यांचे रडे वेळेत ओसरले त्यांच्या आणि फारशा न रडलेल्या मुलांच्या बुद्धिगुणांकात फरक आढळला नाही. ज्यांचे रडणे बारा आठवड्यांपलीकडे चालू राहिले त्यांचा गुणांक मात्र सरासरी नऊ अंकांनी कमी होता. पण अशी मुले त्या अभ्यासात पंधराच होती, हे विसरून चालणार नाही. पंधरा मुलांवरून जगाला घाबरवणे शास्त्रात बसत नाही. त्याआधी, २००२ मध्ये, वोल्के यांनी सतत रडण्यामुळे तज्ज्ञांकडे पाठवलेली मुले आठ ते दहा वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली. अतिचंचलतेचा त्रास त्यांच्यापैकी जवळजवळ १९ टक्क्यांना होता. तुलनेसाठी घेतलेल्या त्यांच्या वर्गमित्रांत हे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी होते. मग २०११ मध्ये २२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. तान्हेपणी रडणे, झोप किंवा खाणे यांच्या अडचणी टिकून राहिलेल्या मुलांत पुढे वर्तनाच्या तक्रारी, विशेषतः अतिचंचलता आणि आक्रस्ताळेपणा, अधिक दिसतात असे त्यातून पुढे आले. एकाहून अधिक अडचणी असतील, आणि घरची परिस्थितीही ओढाताणीची असेल, तर धोका आणखी वाढतो.

हे आकडे वाचून एखादी आई हादरून जाईल, म्हणून लगेच सांगतो. शंभरात एकोणीस याचा दुसरा अर्थ शंभरात एक्क्याऐंशी ठीक असा आहे, आणि तीही तज्ज्ञांकडे पाठवण्याइतकी रडणारी, म्हणजे सर्वांत कठीण बाळे होती. शिवाय रडण्यामुळे पुढचा त्रास होतो, असे यातून सिद्ध होत नाही. ज्या मुलाच्या मज्जासंस्थेला स्वतःला सावरणे जन्मतःच जड जाते, ते तान्हेपणी रडते आणि मोठेपणी वर्गात बसून राहत नाही, असेही असू शकते. किंवा घरातला ताण दोन्हींच्या मुळाशी असू शकतो. धूर दिसला म्हणून धुराने आग लावली असे आपण म्हणत नाही. पण धूर दिसला तर उठून पाहतो. तिसऱ्या महिन्यानंतरचे रडणे हा तसा धूर आहे. त्याने घाबरायचे नाही, पण ‘सगळीच रडतात’ म्हणून झोपायचेही नाही.

अशा दीर्घ पाठपुराव्याची परंपरा पुण्याला अनोळखी नाही. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा तिथल्या डॉक्टरांनी अठरा वर्षांपर्यंत माग ठेवला. डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम ‘पुणे लो बर्थ वेट स्टडी’ या नावाने जगभर वाचले गेले. त्या मुलांचे प्रश्न वेगळे होते. पण तान्हेपणीची एक नोंद अठराव्या वर्षापर्यंत जपून ठेवता येते, आणि तिच्यावरून कोणत्या मुलाला मदत लागेल हे ओळखता येते, हा धडा याच शहराने घालून दिला आहे.

रडे बंद करण्याचा इतिहास

रडणारे मूल आणि कामावर जाणारी आई यांची गाठ महाराष्ट्रात वाकडला पहिल्यांदा पडलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी ती मुंबईच्या गिरणगावात पडली होती. १९२० च्या सुमारास मुंबई सरकारने डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या डॉक्टर महिलेला गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणांची पाहणी करायला नेमले. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालातली एक ओळ आजही अंगावर काटा आणते: कामगार स्त्रियांच्या बाळांपैकी ९८ टक्के बाळांना अफू दिली जात होती. आई दहा तास साच्यावर, घरी सांभाळायला कोणी नाही, मग निघण्यापूर्वी बाळाला एक ‘बाळगोळी’ द्यायची. नाव किती मायेचे! बाळ रडत नसे, कारण ते गुंगीत असे. भुकेची जाणीवही त्या गुंगीत बुडत असे.

त्या आयांना कोणी क्रूर म्हणू नये. त्यांच्यापुढे गोळी किंवा उपास एवढाच पर्याय होता. उपाय निघाला तो आयांना उपदेश करून नव्हे, कामाच्या अटी बदलून. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती साहाय्याचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. मुंबई कायदे कौन्सिलात पुन्हा तसे विधेयक आले तेव्हा, जुलै १९२८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना बाळंतपणाच्या आधी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे मांडले होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. गिरण्यांतून पाळणाघरे आली, ती पुरेशी नव्हती आणि त्यांवर आयांचा विश्वासही लवकर बसला नाही. पण रडणाऱ्या बाळाचा प्रश्न हा कामाच्या ठिकाणाचा प्रश्न आहे, हे तेव्हा एकदा मान्य झाले.

आज अफू गेली. पण रडे ‘बंद करण्याची’ वृत्ती गेली नाही. तिची साधने बदलली. ग्राइप वॉटरची बाटली वाकडच्या प्रत्येक औषध दुकानात दर्शनी भागात असते. सहाणेवर उगाळलेली गुटी अजून घरोघर आहे, आणि तिच्यात जायफळाचे वेढे दोन जास्त पडले की बाळ ‘छान’ झोपते. जायफळ अधिक झाल्यास गुंगी आणणारे आणि विषारी ठरू शकणारे द्रव्य आहे, हे आजीला कोणी सांगत नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दवाखान्याच्या भिंतीवर लावलेली असते आणि घरी आल्यावर सोयीने विसरली जाते. पोटातल्या वायूवर म्हणून सर्रास दिले जाणारे सिमेथिकोनचे थेंब चाचण्यांत साध्या पाण्याहून सरस ठरलेले नाहीत. पोटदुखीवरचे डायसायक्लोमिन सहा महिन्यांखालील बाळांना देऊच नये, कारण त्याने श्वास बंद पडण्याचे प्रकार घडले आहेत. लॅक्टोबॅसिलस रुटेरी या जिवाणूचे थेंब केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांना काही प्रमाणात उपयोगी पडतात, असे पुरावे आहेत. तेही डॉक्टरांना विचारूनच द्यावेत.

मग उपयोग कशाचा होतो? बाळाला जवळ घेण्याचा. कॅनडात १९८६ मध्ये हुन्झिकर आणि बार यांनी केलेल्या प्रयोगात, ज्या बाळांना रोज जादा वेळ अंगावर घेतले गेले ती सहाव्या आठवड्यात इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. आफ्रिकेतील कुंग सान लोकांची बाळे दिवसभर आईच्या अंगावर असतात. ती रडायची थांबत नाहीत, वारंवार रडतात, पण दर वेळचे रडणे थोडक्यात आटोपते, असे बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. अति रडण्याचा त्रास एकदा जडल्यावर मात्र नुसते अंगावर घेणे हे औषध ठरत नाही, हेही बार यांनीच पुढे दाखवून दिले. ‘हाताची सवय लागेल’ या भीतीला आधार नाही. मेरी एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल यांच्या १९७२ च्या अभ्यासात, ज्या आया बाळाच्या रडण्याला लवकर धावून जात त्यांची बाळे वर्षअखेरीस कमी रडत होती. अर्थात आईला पाच मिनिटे उशीर झाला म्हणून बाळाचे आयुष्य बिघडते, असेही नाही. तसे सांगणारे लोक आयांवर अकारण ओझे टाकतात.

रडण्याचा खरा धोका

अति रडण्यातला सर्वांत मोठा धोका बाळाच्या पोटात नसतो. तो त्याला उचलणाऱ्या थकलेल्या हातांत असतो. नेदरलँड्समध्ये तीन हजारांहून अधिक पालकांना गोपनीयपणे विचारले गेले आणि २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत ५.६ टक्के पालकांनी त्याचे रडे थांबवण्यासाठी एकदा तरी त्याला मारले होते, गदागदा हलवले होते किंवा तोंड दाबले होते. हा सुखवस्तू, शिक्षित देश. तान्ह्या बाळाला गदागदा हलवले तर मेंदूत रक्तस्राव होऊन ते दगावू शकते किंवा आयुष्यभराचे अपंग होऊ शकते. तेव्हा संयम सुटतो आहे असे वाटताच बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवून, दार ओढून पाच मिनिटे बाहेर बसावे. त्या पाच मिनिटांच्या रडण्याने काहीही बिघडत नाही.

आणि आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे २७० मातांचा पाठपुरावा केला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्याने ग्रासलेल्या होत्या. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झाल्याची नाराजी या त्यामागच्या ठळक गोष्टी होत्या. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की अशा मातांची बाळे सहा महिन्यांची होईपर्यंत वजनात आणि मानसिक वाढीतही मागे पडलेली असतात. पुन्हा तोच काळ पाहा: सहा ते आठ आठवडे, म्हणजे रडण्याचे शिखर. खचलेल्या आईला रडणे अधिक असह्य होते आणि असह्य रडण्याने आई अधिक खचते. बाळाच्या ‘पुढे काय’ची वाट बरीचशी या चक्रातून जाते. म्हणून बाळाच्या विकासाची काळजी असणाऱ्याने आधी आईच्या झोपेची चौकशी करावी.

आमच्या इमारतीत गेल्या वर्षी एक तरुण जोडपे राहायला आले. दोघेही नोकरीचे. सहा-सात आठवड्यांचे बाळ रात्री साडेदहाला सुरू करी ते दीडपर्यंत. लिफ्टमध्ये भेटली की ती मुलगी मान खाली घालून म्हणे, ‘काका, तुम्हाला त्रास होत असेल ना रात्री? सॉरी हं.’ तिची आई बुलढाण्याहून येऊन दीड महिना राहून परत गेली होती, कारण तिकडे वडील एकटे. सासूबाई पुढच्या महिन्यात येणार होत्या. मधले चार आठवडे, म्हणजे नेमके सर्वांत अवघड, या दोघांचे होते. आमच्या हिच्या सांगण्यावरून ती संध्याकाळी तासभर बाळ आमच्याकडे देऊ लागली आणि स्वतः झोपू लागली. बाळाचे रडे त्याच्या वेळेनेच कमी झाले, आमच्या कौतुकाने नव्हे. पण ती माफी मागायची थांबली. शेजाऱ्याची माफी मागावी लागते असे बाळाच्या आईला वाटणे, हे मला आपल्या नव्या वसाहतींवरचे सर्वांत कठोर भाष्य वाटते.

तरी ती मुलगी सुदैवी. तिला २०१७ च्या दुरुस्तीनुसार सव्वीस आठवड्यांची पगारी रजा होती. तिच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईची परिस्थिती पाहा. तिचे बाळ चार महिन्यांचे, वस्तीतल्या खोलीत, आठ वर्षांच्या बहिणीच्या मांडीवर. ही इथे दुसऱ्याचे बाळ खांद्यावर थोपटून शांत करते आणि तिच्या स्वतःच्या बाळाचे रडे मोजायला घरी कोणी मोठे माणूस नाही. घरकामगार या रजेच्या कायद्यात येत नाहीत. दहापेक्षा कमी माणसांचे दुकान येत नाही. भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांत ठेकेदारामार्फत लागलेल्या मुलीला कायदा कागदावर लागू असतो. प्रत्यक्षात पोट दिसू लागले की पुढच्या महिन्यापासून तिचे नाव यादीत नसते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघर चालवावे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, ही २०१७ ची तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आली. या पट्ट्यातल्या किती कारखान्यांनी ती मनापासून पाळली, याची झाडाझडती एकदा व्हायला हवी. आणि बापाचे काय? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पंधरा दिवस रजा मिळते. खासगी कंपनीतल्या बापाची रजा कंपनीच्या मर्जीवर असते. बाळ रात्री तीन तास रडते त्या घरातला बाप सकाळी सहाच्या पाळीला यंत्रावर उभा राहतो, ही कारखान्याच्या सुरक्षिततेचीही बाब आहे.

करता येण्यासारखे

या सगळ्यासाठी नवे मंत्रालय वा नवी योजना मागण्याची गरज नाही. आहे त्यातच दोन प्रश्न घालायचे आहेत. सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात सहावा, दहावा आणि चौदावा आठवडा आहे. सहावा आठवडा रडण्याच्या शिखराचा, आणि चौदावा आठवडा ते ओसरलेले असायला हवे तेव्हाचा. प्रत्येक आई या दोन्ही वेळी बाळाला घेऊन कोणा ना कोणा परिचारिकेसमोर येतेच. त्या वेळी टोचण्याआधी विचारावे: बाळ दिवसातून किती रडते? आणि तुम्ही सलग किती तास झोपता? सहाव्या आठवड्यात उत्तर कठीण आले तर धीर द्यावा, हा टप्पा सरेल असे सांगावे, औषधे टाळावीत, आणि आई खचलेली दिसली तर तिला मदतीकडे पाठवावे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून त्यासाठीच आहे. चौदाव्या आठवड्यातही रडे थांबलेले नसेल, सोबत झोप किंवा दूध पिण्याची अडचण असेल, तर माता-बाल संरक्षण कार्डावर तशी खूण करून त्या बाळाला विकास तपासणीच्या यादीत घ्यावे. पुढच्या दोन वर्षांत दोन-तीन वेळा पाहावे. बहुतेकांच्या कार्डावरची खूण खोडली जाईल. उरतील त्यांना शाळेत ‘व्रात्य’ हा शिक्का बसण्याआधी मदत मिळेल.

घरी जाऊन बाळ पाहण्याची कल्पना तर महाराष्ट्रानेच देशाला दिली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले, आणि त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सप्रमाण मांडले. २०११ पासून ती पद्धत राष्ट्रीय कार्यक्रम झाली. आशाताई बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, आणि तिची शेवटची फेरी बेचाळिसाव्या दिवशी असते. पुन्हा सहावा आठवडा! तिच्या तक्त्यात रडण्याचा आणि आईच्या मनःस्थितीचा एक रकाना घातला की झाले. शहरात आशाताई वस्त्यांत जाते, इमारतींच्या फाटकातून आत येत नाही. तिथे सोसायट्यांनी आपले आपण काही करावे. जिथे व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव परवडतो, तिथे ज्येष्ठांच्या कट्ट्यावरच्या चार आजी-आजोबांनी आठवड्यातून थोडे तास वाटून घेणे परवडणार नाही असे नाही. आणि ज्या बायका या इमारतींत कामाला येतात त्यांच्या बाळांसाठी तळमजल्यावरची एक खोली पाळणाघराला देणे हे उपकारांत मोडत नाही. बांधकामांवरच्या मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत फिरती पाळणाघरे सुरू केली, तेच काम पुण्यात ‘तारा मोबाईल क्रेशेस’ करीत आली आहे. ज्या मजुरांनी वाकडच्या इमारती बांधल्या त्यांच्या बाळांसाठी जे होऊ शकले, ते त्या इमारती झाडणाऱ्या बायकांच्या बाळांसाठी का होऊ नये?

महापालिकेपुरते बोलायचे तर दोन प्रश्नांचा हा रकाना एका प्रभागात वर्षभर चालवून पाहायला विशेष खर्च नाही. कार्डे छापली जातातच, परिचारिका बसलेल्या असतातच, बाळे येतातच. दाराशी थांबून ‘पुढे काही होणार नाही ना?’ असे विचारणाऱ्या आईला वर्षअखेरीस तरी या गावातल्या बाळांवरून काढलेले उत्तर देता येईल. आज तिला जे मिळते ते धीराचे चार शब्द आणि ग्राइप वॉटरची बाटली एवढेच आहे.